नातवाची टाळू आणि माझं मुंडण

१९७० साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. डोक्यावर एक केस पांढरा नव्हता, दात सगळे जागेवर, मिशी अशी की लांबून ओळखू यावी. दोंडाईच्यात मिरचीच्या पथारीवर मी मुकादम होतो. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. देठ खुडणाऱ्या बाया, वाळलेला माल पोत्यात भरणारे गडी, सगळे माझ्या आवाजावर चालायचे. शेठजीसुद्धा माझ्याशी बोलताना आधी घसा साफ करायचे.

शिक्षण म्हणाल तर दुसरी. तरी हे मीच लिहितो आहे. सून शेजारी बसून काना-मात्रा बघते. बाकी एक शब्द बदलायचा नाही, असं तिला बजावलं आहे.

लिहायचं कारण असं. धुळ्याच्या दवाखान्यात डोक्याच्या हाडाचं दुखणं असलेलं लेकरू आलं की डॉक्टर आईबापांना सांगतात, दोंडाईच्याच्या आबांकडे जा, त्यांचा नातू बघून या. मग माणसं येतात. शिंदखेड्याहून येतात, पार चोपड्याहून येतात. बाई कडेवर लेकरू घेऊन दारातच रडायला लागते. तिला पाणी द्यायचं, चहा करायचा, पहिल्यापासून सगळं सांगायचं, मग दिलीपला हाक मारून त्याचं डोकं दाखवायचं. दिलीप आता शाळेत जातो. परवा म्हणाला, "आबा, मन्हं डोकं म्हंजे काय जत्रामधला पाळणा शे का? जो उना त्यानी देखं!" पोराचं खरं आहे. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ज्याला पाहिजे त्याने वाचावं, आणि चहा पिऊन जावं.

टाळू तेल घेत नाही

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दिलीप जन्मला भुसावळकडे. सव्वा महिन्यानंतर सून कमल त्याला घेऊन घरी आली. माझ्या बायकोने, बायजाने (नाव घेतो, या वयात कुणाची लाज), पहिल्याच दिवशी त्याला पायावर घेतलं, न्हाऊ घातलं आणि टाळू भरायला बसली. लहान लेकराच्या डोक्यावर मधोमध मऊ जागा असते, तिथे कोमट तेल जिरवायचं, ही आपली रीत. बायजाने तेल ओतलं. तेल घरंगळून कानावर आलं. पुन्हा ओतलं, पुन्हा कानावर.

"कमल, ह्या पोऱ्यानी टाळू तेल लेत नही," ती म्हणाली. "दगडसारखी कडक शे."

मी ओट्यावरून म्हणालो, "तेल खराब व्हई."

तेल चांगलं होतं. डोकं वेगळं होतं. पुढून-मागून लांब, कानाच्या बाजूंनी दबलेलं, आणि कपाळापासून मागपर्यंत मधोमध एक उंचवटा, वावराच्या बांधासारखा. बायजा म्हणाली, माहेरी कुणी नीट मळलं नाही. कमलची आई भेटायला आली ती म्हणाली, आमच्याकडे होतं तेव्हा गोल होतं, इथे येऊन झालं. दोघी विहिणी आठ दिवस एकमेकींशी भिंतीकडे बघून बोलत होत्या. गावातली म्हातारी सुईण आली, तिने दोन्ही तळव्यांनी डोकं दाबून पाहिलं, राईची उशी दिली. राई डोक्याला आकार देते म्हणतात. आमच्या दिलीपच्या डोक्याने राईलाच आकार दिला.

मी सगळ्यांना एकच सांगत होतो. आमच्या घराण्याची डोकी लांबच. पोरगा माझ्यावर गेला.

यात एक गोम होती. मी पाळण्याजवळ जातच नव्हतो. मिरचीचा माणूस, हात किती धुतले तरी तिखट जात नाही. मागे एकदा पुतण्याच्या गालाला नुसतं बोट लावलं होतं, तर त्याने सगळी गल्ली गोळा केली होती. तेव्हापासून बायजाचा नियम, ताकाने हात चोळल्याशिवाय लेकराला हात नाही. आणि मला ताकाने हात धुवायचा कंटाळा. म्हणजे टाळू मऊ की कडक हे माझ्या बोटांना माहीतच नव्हतं, पण वादात मात्र मी कुणाला पुढे जाऊ देत नव्हतो.

कमलने माझं ऐकलं नाही. ती सातवी शिकलेली. लस टोचायला नर्सबाई आल्या, त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "धुळ्याला दाखवून या. लवकर जा." रात्रीच्या जेवणात कमलने ताटं वाढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "आम्ही उद्या धुळ्याला चाललो. आबांना यायचं असलं तर यावं." नवऱ्याला, म्हणजे माझ्या शांतारामला, तिने विचारलंसुद्धा नव्हतं. तो भाकरी मोडत मान हलवत होता.

मी गेलो. माझ्या नातवाला कोण काय म्हणतं ते ऐकायला नको का?

डॉक्टरांची टेप

धुळ्याचे लहान मुलांचे डॉक्टर तरुण होते. शिंप्याकडे असते तशी टेप त्यांनी पोराच्या डोक्याभोवती फिरवली, आकडे लिहिले, फोटो काढायला पाठवलं. फोटो आला. तो काळा कागद खिडकीकडे धरून ते बराच वेळ बघत राहिले.  कमलच्या मांडीवर पोरगं हसत होतं आणि आम्ही सगळे त्या काळ्या कागदाकडे बघत होतो.

ते म्हणाले, "डोक्याचं हाड एकसंध नसतं. तुकडे असतात, मध्ये फटी असतात. आतला मेंदू वाढतो तशा त्या फटी जागा करून देतात. याची मधली फट आईच्या पोटातच सांधली गेली. रुंदीला जागा नाही म्हणून डोकं लांबीला पळतंय."

"म्हणजे मळण्याने झालं नाही?" बायजाने विचारलं.

"नाही."

"उशीने?"

"नाही आजी. यात कुणाचीच चूक नाही."

बायजाने तिथेच पदर डोळ्यांना लावला. मला वाटतं त्या दिवशी तिला औषध मिळालं ते हेच. असलं लेकरू घरात असेल त्यांनी हे वाक्य तेवढं पाठ करून ठेवा, विहिणी विहिणींना उपयोगी पडेल.

मी मात्र गप्प बसणारा नव्हतो. "डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्याची डोकी लांब असतात. माझं बघा."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "टोपी काढा आबा." मी काढली. त्यांनी तीच टेप माझ्या डोक्याला आडवी लावली, उभी लावली, भोवती फिरवली.

"तुमचं डोकं तर घागरीसारखं गोल आहे."

शांताराम आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. बायजा म्हणाली, "चाळीस वरीस मले लांब डोकं सांगी राहिनात!"

टेपेशी भांडता येत नाही. मी टोपी घातली आणि विचारलं, "मग आता काय?"

"सांधलेली पट्टी काढायची. जागा करून द्यायची."

"डोकं फोडणार?"

"फोडतात नारळ, आबा. डोकं उघडतात आणि पुन्हा मिटतात. मुंबईचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा दोन दिवस इथे येतात, ते करतील. बहुतेक मुलं छान होतात. पण लेकरू लहान आहे, रक्त जातं, ती भीती आहे. काहींचं हाड पुन्हा जुळतं, मग पुन्हा करावं लागतं. आणि नाही केलं, तर पुढे मेंदूला जागा पुरेल की नाही, डोळ्यांवर ताण येईल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही."

ते खोटं बोलले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. पण मग मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

 येताना नरडाण्याला एसटी थांबली तेव्हा कमल म्हणाली, "करायचं." शांताराम म्हणाला, "करू." मी खिडकीबाहेर बघत होतो. माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून मी ते मोठ्याने सांगितलं, "करायचंच."

मामा आल्याशिवाय वस्तरा नाही

दवाखान्यात पोराला भरती केलं ते ऑपरेशनच्या आदल्या दुपारी. वॉर्डात सुमन सिस्टर होत्या. उंच, काळ्यासावळ्या, आणि आवाज असा की माझ्या पथारीवर मुकादम म्हणून शोभल्या असत्या. बायजाने पलंगाखाली स्टोव्ह, तांब्या, पिठाचा डबा मांडला होता. सिस्टरनी वाकून बघितलं. "आजी, इथे संसार थाटायचा नाही." बायजाने डबा तेवढा आत सरकवला. सिस्टरनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. दवाखान्यात अशी दया हळूच करावी लागते.

मग त्या म्हणाल्या, "सकाळी न्हावी येईल. बाळाचं डोकं पूर्ण करायचं आहे."

मी उभा राहिलो. "नाही करायचं."

"काय?"

"पोराचं जावळ झालेलं नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जावळ म्हणजे जन्मापासूनचे पहिले केस. आमच्यात ते कुळदेवीच्या दारात काढतात. लेकरू मामाच्या मांडीवर बसवायचं आणि पडणारे केस आत्याने पदरात झेलायचे, जमिनीला लागू द्यायचे नाहीत. तोवर त्या डोक्याला वस्तरा लागत नाही. माझ्या बापाने हे मोडलं नाही, मी मोडलं नाही.

कमल म्हणाली, "आबा, देवी काय पळून चाललीय का? डॉक्टर मात्र परवाच्या गाडीने जातील."

"देवीच्या दारात नसलं तर नसो. पण मामा पाहिजे. मामा आल्याशिवाय वस्तरा नाही."

"माझा भाऊ दीपनगरला आहे! वीजघरात ड्युटीवर आहे!"

"मग बोलाव."

शांताराम माझ्याशी उभ्या आयुष्यात वरच्या आवाजात बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "आबा, तुमच्या हट्टापायी काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही." वॉर्डातल्या सगळ्या बाया आपापली लेकरं छातीशी धरून ऐकत होत्या. मी मागे हटलो नाही. 

तेवढ्यात मुंबईचे मोठे डॉक्टर फेरीला आले. गलका ऐकून थांबले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "माझं जावळ माझ्या मामाच्या मांडीवरच झालं होतं, आई अजून सांगते. वीजघराला फोन लावा. पण आबा, सकाळी आठ. आठ वाजता मामा नसला तर न्हावी बसेल. देवीला माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा."

मी म्हणालो, "सांगतो." मोठा माणूस. माझा मान ठेवून त्याने मला बांधून टाकलं.

सकाळ झाली. मी दवाखान्याच्या फाटकावर. भुसावळची पहिली एसटी आली, तिच्यात कमलचा भाऊ प्रकाश नाही. दुसरी यायला उशीर होता. न्हावी वऱ्हांड्यात वस्तरा पट्ट्यावर घासत बसलेला. कमल पोराला घेऊन दारात उभी, माझ्याकडे बघत नव्हती. आणि फाटकाशी एक मालट्रक थांबला, त्यातून एक माणूस उतरला. खाकी कपडे, तोंड कोळशाने काळं, फक्त डोळे पांढरे. मी ओळखलंच नाही.

"आबा, मीच! रात्रपाळीतून तसाच निघालो. कुठे आहे भाचा?"

सिस्टरनी त्याला नळाखाली उभा केला आणि साबणाची अख्खी वडी संपवायला लावली. मग तो वऱ्हांड्यात मांडी घालून बसला. दिलीप त्याच्या मांडीवर. न्हाव्याने वस्तरा उचलला आणि बायजा म्हणाली, "आनि आत्या?"

झालं. मला मुलगी नाही. शांताराम एकटा. चुलत बहिणी सगळ्या गावाकडे. घड्याळ आठला टेकलेलं. कमलने आता पोरगं उचलून पळायचंच बाकी होतं.

सुमन सिस्टर पाण्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय करायचं असतं आत्याने?"

"पदर पसरायचा. केस झेलायचे."

"आम्ही बौद्ध आहोत, आबा. मी हे जावळ-बिवळ मानत नाही. आणि तुमच्या देवीला मी चालेन का, ते तुम्हीच ठरवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "माझी देवी माझ्याइतकी हट्टी नाही. पसरा पदर."

त्यांनी पांढऱ्या साडीचा पदर पसरला. काळे मऊ केस त्याच्यावर पडत गेले, एक जमिनीला लागला नाही. पोरगं रडलं नाही, मामाच्या शर्टाचं बटण चघळत बसलं. बायजाने पिशवीतून खण काढला (तो तिने घरूनच आणला होता, म्हणजे तिलाही जावळाचं मनात होतंच, नुसती मला बोलू देत होती) आणि सिस्टरच्या हातात ठेवला. तेव्हापासून शांताराम दर दिवाळीत भाऊबीजेला त्यांच्या घरी जातो.

आणि ऐका. पोराला आत रक्त लागलं, ते मामाचं जुळलं. मामा आला नसता तर? तेव्हापासून माझ्या हट्टाबद्दल घरात कुणी बोललं की मी एवढंच विचारतो. सून इथे शांतारामकडे बोट दाखवून म्हणते आहे, "ह्यांचंही रक्त जुळत होतं, तेही लिहा." लिहिलं.

बाहेरचं बाकडं

दार बंद झालं. बाकड्यावर आम्ही रांगेने बसलो. शांताराम माझ्या शेजारी येऊन बसला, आदल्या दिवशीचं कुणी काढलं नाही. प्रकाशने सगळ्यांना चहा आणला, कपावर साय धरली तरी कुणी प्यायलं नाही.

पथारीवर मी शंभर माणसं हलवतो. तिथे मला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी मनात देवीला म्हणालो, तुझ्या दारात जावळ झालं नाही, ते तुझं देणं राहिलं. पोरगं नीट बाहेर येऊ दे, त्याच्या बदली माझे केस घे. मुंडण करीन. आता म्हणायला सोपं वाटतं, पण माझ्या केसांबद्दल वर लिहिलंच आहे.

मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी आधी कमलकडे बघितलं. "जागा झाली," म्हणाले. एवढंच.

कमल खाली बसली. प्रकाशने तो गार चहा एका घोटात संपवला.

डोळे

पुढचं कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. पोराला बाहेर आणलं तेव्हा डोक्याला पांढरं पागोटं, आणि चेहरा छोटासा. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला. इतका की दोन्ही डोळे मिटले गेले, नुसत्या रेघा. बायजा म्हणाली, गेले डोळे. मीही तेच म्हणत होतो, फक्त मनात. सिस्टर म्हणाल्या, "सूज आहे. उतरते. प्रत्येकाला येते." त्या दिवसभरात आम्ही त्यांना हेच किती वेळा विचारलं असेल, आणि त्यांनी तेवढ्याच वेळा तेच सांगितलं, एकदाही चिडल्या नाहीत.

मी ताक मागवलं. कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. मग पोराशेजारी बसलो. त्याने माझं बोट धरलं. दिसत नव्हतं तरी धरलं.

सूज उतरायला लागली तशी एके सकाळी त्याची एक पापणी उघडली, शेंग उकलते तेवढीच. त्यातून त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग हात वर केला आणि माझी मिशी धरून ओढली. मी ओरडलो. वॉर्डातल्या सगळ्या बाया हसल्या, आणि कमल पहिल्यांदा रडली.

मग पट्टी बदलायची वेळ आली. कानापासून कानापर्यंत टाके. मी बघितलं नाही, बायजाने बघितलं. ती एकदम ओरडली, "देखा, देखा! टाळू उडी राहिनी!" टाक्यांच्या जरा मागे डोक्यावर एक जागा श्वासासारखी हळूहळू खालीवर होत होती. सबंध वॉर्डाला तिने बोलावून दाखवलं. डॉक्टरांना तिचा पहिला प्रश्न, "तेल कव्हय घालू?" ते म्हणाले, "जखम पूर्ण भरू द्या आजी. मी सांगेन तेव्हा."

माझं मुंडण

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी मी घर झाडून-सारवून ठेवायला पुढे निघालो. धुळ्यात स्टँडजवळ न्हाव्याकडे बसलो. म्हणालो, "सगळं काढ."  त्याने डोकं केलं आणि मला कळायच्या आत मिशीपण काढली. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, धुळ्याची माणसं प्रेमळ.

दोंडाईच्याला उतरलो. ओळखीचे लोक दिसले. माझ्याकडे बघून खाली बघायचे. पानवाला उठून उभा राहिला. मी घरी आलो, टोपी खुंटीला लावली, शेण-माती कालवली आणि ओसरी सारवायला बसलो. अर्धी सारवून होते तो दारात बाया. डोक्यावर पदर. मागून पुरुष. शेठजी पांढरी टोपी घालून आले, नेहमी रंगीत पगडी घालतात. आणि पलीकडच्या घरातली सखूबाई, जिचं बायजाशी सात वर्षं बोलणं बंद होतं, ती भाकरी-पिठल्याचं टोपलं घेऊन उंबऱ्यात बसली आणि तिने जो गळा काढला!

"काय व्हयनं?" मी हातातलं शेण तसंच घेऊन विचारलं.

शेठजी म्हणाले, "आबा, धीर धरा. सोन्यासारखी बाई होती."

"कोन बाई?"

"बायजाबाई."

"ती काय धुळ्याले शे ना, पोराजवळ."

सखूबाईचा गळा मध्येच थांबला. शेजारचा म्हातारा गणपतनाना जवळ आला, माझ्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मंग हे काय? मिशी काय? सारवन काय?"

आता मला उमगलं. आपल्याकडे या वयाचा माणूस मिशीसकट मुंडण करून येतो आणि येऊन घर सारवायला घेतो, ते कधी? घरात कुणी गेलं की. लेकरासाठी कुणी मुंडण करत नाही, म्हणून सगळ्यांनी हिशेब बायजावर टाकला. विचारायचं कसं, म्हणून कुणी विचारलं नाही. रडून मात्र सगळ्यांचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी टांगा दाराशी आला. बायजा उतरली. तिच्या कानावर स्टँडवरच गेलेलं होतं. ती सरळ सखूबाईच्या दारात गेली.

"का व सखू, मी मरनू तव्हयच गोड बोलशी का?"

सखूबाई म्हणाली, "तुन्हं पिठलं तुन्ही वाट देखी राहिनं. खाय ना आते."

दोघींनी एका ताटात खाल्लं. सात वर्षांचं भांडण माझ्या मिशीने मिटवलं. दिलीपने मात्र मला बघितलं, मिशी शोधली, सापडली नाही, आणि भोकाड पसरलं. मिशी परत येईपर्यंत तो माझ्याकडे आला नाही. केस परत आले ते पांढरे. असो. देवीला दिलेली वस्तू.

टोपी

पुढचं डोक्याचं सांगतो, कारण येणाऱ्या प्रत्येकाला तेच ऐकायचं असतं. डोकं महिन्या-महिन्याने बदललं. बाजू भरल्या, मागचं टोक बसलं. आजही थोडं लांबट आहे, पण मी सांगितल्याशिवाय कळत नाही. केसांत कानापासून कानापर्यंत एक वण आहे. बसला वेळेवर, चालला वेळेवर, बोलायला लागला तो थांबलाच नाही. पाढे चांगले येतात, शुद्धलेखन माझ्यासारखं. तेलाची परवानगी मिळाली त्या दिवशी बायजाने टाळू भरली आणि तेल जिरलं. तेव्हा मी ओट्यावरून काही बोललो नाही.

भीती मात्र गेली नव्हती. हाड पुन्हा जुळलं तर? दर खेपेला धुळ्याला गेलं की ती टेप, आणि टेप फिरेपर्यंत आमचा श्वास बंद. आणि घरी दुसरी भीती, पडला तर? डोक्यावर हाड नाही ती जागा आहे. म्हणून मी शिंप्याकडून कापसाची जाड टोपी शिवून घेतली, रजईसारखी, हनुवटीखाली बंद. उन्हाळा असो, पावसाळा असो. ओट्यावर चढायचं नाही, पोत्यांवर नाही, पोरांत कुस्ती नाही. मी पथारीवरचं काम निम्मं करून त्याच्यामागे फिरायचो. तो धडपडायच्या आत मी धरायचो. कमल म्हणायची, "आबा, तो पडायला शिकला नाही तर उठायला कधी शिकेल?" मी म्हणायचो, "तुला मुंडण करावं लागलं नव्हतं."

शाळेत घालायच्या वर्षी शेवटचं दाखवायला गेलो. टेप फिरली. डॉक्टरांनी ती गुंडाळून खिशात ठेवली. बोटांनी दिलीपचं डोकं चाचपलं, सगळीकडे. म्हणाले, "मोकळी जागा भरली आहे. हाड मजबूत आहे, आकार छान आहे. आता येऊ नका."

"कधीच?"

"बोरं घेऊन या, पेढे घेऊन या. डोकं घेऊन येऊ नका. आणि आबा, ही टोपी काढा. बाकीच्या पोरांसारखा पडू द्या त्याला."

सुमन सिस्टर दारात होत्या. म्हणाल्या, "आबा, आता तुमची परीक्षा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी टोपी खुंटीवरून काढली आणि ब्लेडने उसवली. कापूस पिवळा पडला होता. बायजाने तो पुढ्यात ओढला आणि वाती वळायला बसली. दिलीप उघड्या डोक्याने अंगणात गेला. दोनदा मागे वळून बघितलं, मी येतो का म्हणून. मी ओट्यावर बसून होतो. समोर रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, तो तिच्यावर चढला. सगळ्यात वर उभा राहिला, दोन्ही हात वर केले, आणि थप्पी सरकली.

डोकं ओट्याच्या कडेला लागलं. आवाज मी ऐकला.

कमल आतून धावली, शांताराम उठला, बायजाच्या हातातल्या वाती सांडल्या. मी हातातली काठी आडवी धरली. "कोनी उठानं नही."

दिलीप बसल्या जागी होता. डोकं चोळलं. आजूबाजूला बघितलं, कोण धावत येतं म्हणून. कुणी आलं नाही. ओठ रडायला झाले, मग त्याचं त्यालाच ते रडणं नको वाटलं असावं.

"आबा, मी पडनू!" तो म्हणाला. आणि हसला, जणू त्याला नवीन काही सापडलं होतं.

"पडनास तं उठ," मी म्हणालो, आणि बसून राहिलो.